शेवटच्या खड्याची जागा



मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या दागिन्यांसाठी आम्ही कोल्हापूरला गुजरीत गेलो होतो. सोबत सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या होत्या. सासूबाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी दशलक्षणात मोत्यांचा त्याग केला. शिंपल्यातला जीव द्वींद्रिय, त्याला दुखवून मिळालेली वस्तू कानात नको, एवढाच त्यांचा विचार. तेव्हापासून कुड्या डब्यात पडून होत्या. आता ठरलं असं, की मोती काढून ठेवायचे, सोनं तेच वापरायचं आणि नातीसाठी नव्या कुड्या करायच्या. पुतणीला मध्ये अंडाकृती माणिक आणि भोवती बारीक हिऱ्यांची एक ओळ हवी होती.

कारखान्यात एक तरुण मुलगा संगणकापुढे बसला होता. त्याने पडद्यावर अंडाकृती रेघ काढली, हिऱ्याचं माप घातलं, दोन हिऱ्यांतली फट घातली आणि बटण दाबलं. त्या रेघेवर वीस हिरे एकदम येऊन बसले. पहिल्या आणि विसाव्या हिऱ्यात तेवढीच फट, जेवढी इतरांत. सासूबाई खुर्ची पुढे ओढून बघत होत्या. म्हणाल्या, "शेवटचा कसा काय बरोबर बसला रे? आमच्या वेळी शेवटच्या खड्यालाच सोनाराला घाम फुटायचा."

मुलगा हसला. "आज्जी, ते सॉफ्टवेअर करतंय."

घरी आल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शोधत गेले तेव्हा कळलं, की हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे आणि त्याचं एक उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. आपण ते दरवर्षी दशलक्षणात ऐकतो, पण दागिन्याशी त्याचं नातं असेल असं कधी मनात येत नाही.

आधी कुडीच घेऊ. आपली नेहमीची कुडी म्हणजे मध्ये एक मोती आणि भोवती सहा. सहाच का? कारण सारख्या मापाचे गोल एकाभोवती लावले तर बरोबर सहाच बसतात. ना फट राहते ना दाटी होते. घरात सात सारखे लाडू ताटात ठेवून बघा. म्हणजे कुडीच्या घाटातच हिशेब आहे आणि म्हणून तिथे शेवटच्या मोत्याची अडचण येत नाही. अडचण असते ती मोती सारखे मिळण्याची. सात मोत्यांची जोड लावायला सोनार पसाभर मोती चाळायचा.

पण मधला खडा मोठा आणि भोवतीचे लहान झाले, की सहाचा नियम मोडतो. आता किती बसतील ते परिघावर अवलंबून. आणि मधला खडा गोल नसून अंडाकृती असेल, तर परिघ काढणंच अवघड. हाताने काम करणारा कारागीर कंपासाने खुणा करत जायचा, शेवटी अर्ध्या खड्याची जागा उरली की कंपास किंचित उघडून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला हिशेब जुळायचा. नाहीच जुळला तर एखादा खडा जरा मोठा शोधायचा आणि तो मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही असा बसवायचा.

आता आपल्या ग्रंथांकडे येऊ. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या दिवशी, तिसरा अध्याय येतो. त्यात जंबूद्वीपाचं वर्णन आहे. मध्ये मेरू, आकार वाटोळा, व्यास १,००,००० योजने. आपण हे ऐकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. पण जुन्या आचार्यांनी इथे थांबून विचारलं, की व्यास एक लाख तर परिघ किती? त्यांनी काढलेलं उत्तर असं: ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्य आणि साडेतेरा अंगुळांहून थोडं जास्त. एक लाख योजनांचं वर्तुळ आणि हिशेब अंगुळापर्यंत!

हा आकडा आला कसा? त्यांनी व्यासाला दहाच्या वर्गमुळाने गुणलं. दहाचं वर्गमूळ म्हणजे ३.१६२ आणि थोडं. आज शाळेत मुलं जो पाय शिकतात तो ३.१४१६. म्हणजे आपल्या आचार्यांचं माप शंभरात पाऊणभागाहूनही कमी फरकाचं होतं. रोजच्या व्यवहारात 'व्यासाच्या तिप्पट परिघ' एवढंच धरून चालत असत. त्याला स्थूल माप म्हणायचे आणि दहाच्या वर्गमुळाच्या मापाला सूक्ष्म. ही स्थूल आणि सूक्ष्म अशी दोन मापं ठेवण्याची पद्धत मला फार आवडली. बाजारातली भाजी स्थूल मापाने घ्यावी आणि सोनं सूक्ष्म मापाने, तसंच हे.

पुढे अजून आहे. आपलं भरतक्षेत्र जंबूद्वीपाच्या दक्षिण टोकाला, धनुष्यासारखं. त्याचा विस्तार ५२६ योजने आणि एका योजनेचे एकोणीस भाग केले तर त्यातले सहा. धनुष्य म्हटल्यावर त्याचे तीन भाग आले. वाकलेली कमान ते धनुष्य, ताणलेली सरळ दोरी ती जीवा आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर तो इषू, म्हणजे बाण. तत्त्वार्थावरच्या जुन्या भाष्यात आणि यतिवृषभाचार्यांच्या प्राकृत तिलोयपण्णत्तीत या तिघांचे हिशेब दिले आहेत. व्यासातून इषू वजा करा, त्याला इषूने गुणा, मग चाराने गुणा आणि वर्गमूळ काढा, की जीवा मिळते. इषूच्या वर्गाची सहापट करून त्यात जीवेचा वर्ग मिळवा आणि वर्गमूळ काढा, की धनुष्य मिळतं.

वहीत करून बघायचं असेल तर व्यास १० आणि इषू २ धरा. जीवा येते बरोबर ८. धनुष्य येतं ९.३८. आजच्या गणिताने ते ९.२७ आहे. जीवेचं सूत्र तर आजही शाळेत जसंच्या तसं खरं आहे. याच सूत्रांनी भरतक्षेत्राची जीवा १४,४७१ योजनांहून थोडी जास्त आणि धनुष्य १४,५२८ योजनांहून थोडं जास्त येतं. ग्रंथांत हेच आकडे आहेत.

आता गुजरीतल्या त्या पडद्याकडे बघा. दोन हिऱ्यांच्या मध्यांमधलं सरळ अंतर ही जीवा. त्यांच्यामधला रेघेचा वाकडा तुकडा हे धनुष्य. हिरा काही वाकत नाही, तो सरळ अंतरच मागतो. रेघ मात्र वाकडी. खडे वाकड्या रेघेवर बसवायचे म्हणजे दर खड्याला जीवा आणि धनुष्य यांचा मेळ घालायचा. आचार्यांनी द्वीप-समुद्रांसाठी जो प्रश्न सोडवला तोच हा, फक्त योजनांच्या जागी मिलिमीटर आले.

आणि अंडाकृती रेघ? तिचंही उत्तर आहे. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. ग्रंथाच्या सुरुवातीला गणित कुठे कुठे लागतं याची यादी आहे. त्यात व्यापार, संगीत, वैद्यक, वास्तू आहेत आणि स्वयंपाकही आहे. म्हणजे आपल्याला त्यांनी बाहेर ठेवलेलं नाही. या ग्रंथात अंडाकृतीला आयतवृत्त म्हटलं आहे, म्हणजे लांबट वर्तुळ. त्याच्या सूक्ष्म परिघाची रीत अशी: लांबीच्या वर्गाची चौपट आणि रुंदीच्या वर्गाची सहापट यांची बेरीज करून वर्गमूळ काढा.

आमच्या कुडीतल्या हिऱ्यांच्या मध्यांतून जाणारी रेघ १० मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद होती. मी कागदावर मांडलं. दहाच्या वर्गाची चौपट ४००. आठच्या वर्गाची सहापट ३८४. बेरीज ७८४. वर्गमूळ बरोबर २८. हिरा सव्वा मिलिमीटरचा आणि फट ०.१५ मिलिमीटरची, मिळून १.४. अठ्ठावीसला १.४ने भागलं, वीस! पडद्यावर वीसच हिरे होते. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे केलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. साडेअकराशे वर्षांपूर्वीच्या रीतीने माझ्या पुतणीच्या कुडीचे हिरे मोजले गेले होते.

मात्र आर्जवाच्या दिवसाची आठवण ठेवून हेही सांगायला हवं, की ती रीत पूर्ण अचूक नाही. आजच्या हिशेबाने त्या रेघेची लांबी २८.३६ मिलिमीटर आहे. म्हणजे ०.३६ मिलिमीटर उरतात. तेच सासूबाईंचं शेवटच्या खड्याचं दुखणं. कारागिराच्या हाती ते एका जागी फट म्हणून दिसतं. सॉफ्टवेअर ते वीस फटींत वाटून टाकतं, प्रत्येकीला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे जेमतेम दोन भाग. डोळ्याला कळतही नाही. शेवटचा हिरा बरोबर बसतो तो यामुळे. उरलेलं एकावर न टाकता सगळ्यांवर थोडं थोडं वाटायचं, हे एकत्र कुटुंबातल्या बायकांना काही नवीन नाही.

महावीराचार्यांचं हे काम आपल्यापर्यंत पोचलं त्यात आपल्या भागाचा मोठा वाटा आहे. १९१२ मध्ये मद्रासला रंगाचार्यांनी गणितसारसंग्रह इंग्रजी भाषांतरासह छापला. हिंदीत तो १९६३ मध्ये आला, तो सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून. तिलोयपण्णत्तीही याच ग्रंथमालेने छापली. तिच्या संपादकांत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये होते. गुजरीपासून राजाराम कॉलेजची जुनी इमारत चालत जाण्याएवढी जवळ आहे.

रत्न आणि गणित यांची सांगड घालणारा आणखी एक श्रावक सांगते. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात काम करणारा ठक्कुर फेरू. हा श्रीमाळ जैन. त्याने १३१५ मध्ये रयणपरिक्खा म्हणजे रत्नपरीक्षा लिहिली, १३१८ मध्ये नाण्यांवरची द्रव्यपरीक्षा लिहिली आणि गणितसारकौमुदी हा गणिताचा ग्रंथही लिहिला. ज्याच्या हातात रत्नं त्याच्याच हातात हिशेबाची लेखणी. आपल्या समाजात हे दोन्ही कसं एकत्र नांदत आलं याचा हा सातशे वर्षांपूर्वीचा दाखला.

आता त्या पडद्यावरच्या रेघेचा इतिहास. तो दागिन्यांतून आलेला नाही, जहाजांतून आणि मोटारींतून आला. जहाज बांधणारे लाकडाची लवचिक पट्टी वाकवून, तिला ठिकठिकाणी शिशाची वजनं लावून बाक आखायचे. ती पट्टी म्हणजे स्प्लाइन. त्या वजनांना तिकडे बदक म्हणत. पुढे मोटारींचे बाक आखायचे तर ते कारखान्यातल्या यंत्राला आकड्यांत सांगावे लागले. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये त्याची रीत काढली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात तशीच रीत काढून जाहीर केली, म्हणून त्या रेघेला बेझिए यांचं नाव पडलं. चार बिंदू द्यायचे आणि त्यांच्या ओढीने रेघ वाकते. हीच कल्पना वाढत वाढत १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलहून आलेल्या राइनो या सॉफ्टवेअरमध्ये पोचली. दागिन्यांचे आराखडे करणाऱ्यांनी ते उचललं आणि त्यावर खास दागिन्यांची जोडसॉफ्टवेअरं तयार झाली.

या रेघेची एक खोड आहे. तिच्यावर संगणक ज्या आकड्याने चालतो तो आकडा सारखा वाढवला तरी रेघेवरचं अंतर सारखं वाढत नाही. कुठे पावलं जवळ पडतात, कुठे लांब. घरगुती उदाहरण घ्या. अंडाकृती थालीपिठाचे मध्यापासून सारख्या कोनाचे वीस तुकडे केले, तर कडेवर प्रत्येक तुकडा सारखा येणार नाही. आमच्या कुडीच्या मापात टोकाकडे दोन हिऱ्यांच्या मध्यांत जवळजवळ १.५७ मिलिमीटर अंतर पडलं असतं आणि बाजूला जेमतेम १.२६. हिराच सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे बाजूला हिरे एकमेकांना घासले असते, त्यांना धरणाऱ्या सोन्याच्या दाण्याला जागाच उरली नसती. म्हणून सॉफ्टवेअर आधी रेघ अगदी बारीक तुकड्यांत मोजून तिची खरी लांबी काढतं आणि मग त्या लांबीवरून जागा ठरवतं. वाकड्या रेघेचे बारीक सरळ तुकडे करून मोजायचं, म्हणजे पुन्हा जीवा आणि धनुष्य.

मोजून झालं तरी काम संपत नाही. हिरा वरून पसरट आणि खालून टोकदार. अंगठीच्या बाहेरच्या गोलाईवर बसवला तर वरच्या कडा एकमेकींपासून लांब जातात आणि खालची टोकं जवळ येतात. गोलाई आत वळली तर उलट होतं. म्हणून तो मुलगा पडद्यावरचा दागिना सारखा फिरवून, उलटा करून बघत होता.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. वीस हिरे सारख्या फटीने बसायचे तर वीसही हिरे सारखे हवेत. ते सुरतेत होतं. जगातल्या हिऱ्यांपैकी बहुतेक हिरे तिथे घासले जातात. बारीक हिरे पिठासारखे चाळणीने चाळून मापवार वेगळे केले जातात. पालनपूरच्या जैन कुटुंबांनी हा धंदा मुंबईत वाढवला आणि १९६०च्या दशकापासून बेल्जियममधल्या अँटवर्पपर्यंत नेला. सासूबाईंच्या काळचा सोनार मोती चाळत होता, आता सुरतेची चाळणी चाळते. आणि शेवटी पडद्यावरचा दागिना मेणात छापून, सोन्यात ओतून आला, की हिरे बसवायला भिंग लावलेला जडणकाम करणारा माणूसच लागतो. ओतताना सोनं किंचित आक्रसतं. ते त्याच्या बोटांना कळतं.

आता राहिली खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले.

वीस हिरे बसल्यावर त्या मुलाने विचारलं, "अजून एक ओळ टाकू का बाहेरून?" आणि उत्तराची वाट न बघता टाकलीही. एका कानाला आणखी सव्वीस हिरे. काही क्षण लागले नाहीत. पुतणीचे डोळे चमकले. माझेही चमकले, खोटं का बोलू? पूर्वी दुसरी ओळ म्हणजे सोनाराचे आणखी चार दिवस, आणखी मजुरी, पुन्हा शेवटच्या खड्याचं भांडण. त्या त्रासानेच हात आवरता राहायचा. आता तो त्रास उरला नाही.

सासूबाईंनी परिग्रह परिमाण व्रत घेतलं आहे. घरातलं सोनं किती, याची मर्यादा त्यांनी वहीत लिहून ठेवली आहे. नातीचं लग्न असलं तरी ती वही त्यांच्या पिशवीत होती. त्या पुतणीला म्हणाल्या, "बाळा, मोती सोडले तर हिरे आले. हिरासुद्धा पृथ्वीकाय जीवाचंच शरीर. पाप शून्य होत नाही, कमी करता येतं. एक ओळ पुरे की."

पुतणी जरा रुसली. लग्न तिचं आहे, तिचं मन मोडू नये असं मलाही वाटलं. आम्ही तिघी बाहेर बाकावर जाऊन बसलो. शेवटी तीच आत गेली आणि दुसरी ओळ काढायला सांगून आली. आनंदाने की आज्जीचा शब्द म्हणून, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून परिमाण हा शब्द मला वेगळा ऐकू येतो. परिमाण म्हणजे माप. आचार्यांनी द्वीपाचा परिघ अंगुळापर्यंत मोजला आणि श्रावकाला सांगितलं, की तुझ्या घरातल्या वस्तूही मोज. पहिलं मोजमाप आता संगणक आपल्याहून चांगलं करतो. दुसरं त्याच्याकडून होणार नाही. त्याला विचारलं तर तो आणखी एक ओळ बसते का एवढंच सांगेल. हवी का, हे घरातच ठरवावं लागतं, आणि तेही पडदा बघायच्या आधी ठरलेलं बरं.

कुड्या तयार होऊन आल्या आहेत, सुंदर झाल्या आहेत. मोती मात्र अजून डब्यातच आहेत. कारखान्यात ते विकत घ्यायला तयार होते. सासूबाई म्हणाल्या, "मी सोडलेलं दुसरीच्या कानात घालून पैसे घेऊ?" मग त्यांचं करायचं काय, याचं उत्तर आमच्या घरात अजून कुणाला सापडलेलं नाही. तुमच्याकडे कुणी अशा मोत्यांचं काय केलं असेल तर मला जरूर कळवा. सासूबाईंना वाचून दाखवीन.

जय जिनेंद्र.